सुराआधीची सावली

कापूसकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं, कापूस असायचा. स्टुडिओचे मालक सही करायला पेन मागायचे आणि काका सवयीने खिशात हात घालून कापसाचा बोळा पुढे करायचे. तिथून हे नाव चिकटलं. आधी नुसतं कापूस, मग केस पिकल्यावर कापूसकाका. आता डोकंही नावाला शोभेसं झालं, असं त्यांचे मेहुणे चारचौघांत म्हणायचे आणि काका सगळ्यांबरोबर हसायचे.

गाणं रेकॉर्ड व्हायचं ते पुढच्या मोठ्या खोलीत. जाड काचेच्या पलीकडे गाणारे आणि वाजवणारे, काचेच्या अलीकडे मिक्सरसमोर रेकॉर्डिस्ट. काका त्याच्याही मागे, मशीन रूममध्ये. खिडकी नसलेली चिंचोळी खोली, दोन टेप मशीन, एक स्टूल, स्पिरिटची बाटली आणि भिंतीला लोखंडी कपाट. बाहेर कोण गातंय हे त्यांना पुष्कळदा दिसायचंही नाही. मीटरचा काटा कसा उडतो यावरून ते गाणारा ओळखायचे.

टेप हेडवरून, म्हणजे आवाज टिपणाऱ्या धातूच्या तुकड्यावरून, सरकताना आपली तपकिरी भुकटी मागे सोडते. ती साचली की गाणाऱ्याच्या तोंडावर उशी धरल्यासारखा आवाज येतो. म्हणून दर गाण्यानंतर हेड पुसायचं. चाक जरासं अडखळलं तरी सूर डुलतो, म्हणून चाकंही पुसायची. कोऱ्या टेपलासुद्धा स्वतःची एक बारीक खरखर असते, ती जितकी खाली दाबता येईल तितकी दाबायची. दबलेपण, डुलणं आणि खरखर, या तिघांशी भांडण्यात काकांची उमेदीची वर्षं गेली. ऐकणाऱ्याला मध्ये टेप आहे हे कळूच नये, एवढंच त्यांना हवं होतं.

रेकॉर्डिस्ट होते त्यांचे मेहुणे, म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. काकांना नोकरी त्यांनीच लावली होती आणि काकांचं काम बघून धाकट्या बहिणीचं लग्नही त्यांच्याशी त्यांनीच जमवलं. "नोकरीपण मीच दिली आणि बायकोपण मीच दिली. बिचाऱ्यानं स्वतःचं असं काय आणलं तर कापूस," हा विनोद ते लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा बोलले आणि पुढे कुठल्याही पंगतीत विसरले नाहीत. स्टुडिओत ते काकांना कापूस म्हणायचे आणि घरी आले की भावजी. काका त्यांना दोन्हीकडे दादाच म्हणायचे.

मशीन रूममध्ये काकांचा एकच नियम होता. वाजवून झालेली टेप परत गुंडाळायची नाही. शेवट बाहेर ठेवून तशीच डबीत घालायची आणि वाजवायच्या दिवशी गुंडाळायची. याचं कारण ते नव्या माणसाला असं समजावायचे: रिळावर टेपचे वेढे एकावर एक बसतात. एका वेढ्यावरचा जोरकस आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकेच उमटतो, ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर अक्षर उमटावं तसा. शेवट बाहेर असला तर हा उमटलेला आवाज मूळ आवाजाच्या मागून येतो आणि गाण्याच्या गलक्यात विरून जातो. पण टेप परत गुंडाळून, सुरुवात बाहेर ठेवून कपाटात टाकली, की तो पुढे येतो. अगदी शांततेत. गाणाऱ्यानं तोंड उघडायच्या आधी त्याचाच शब्द भिंतीपलीकडून आल्यासारखा पुसट ऐकू येतो. स्टुडिओत त्याला सावली म्हणत.

सावली पडली ती नेमकी बाईंच्या गाण्यावर.

बाई मोठ्या गायिका होत्या. ते गाणं त्यांनी कुठल्याही वाद्याशिवाय, एकदम उंच सुरात उचललं होतं. त्या दिवशी संपल्यावर काचेपलीकडे कुणी बराच वेळ हललं नाही म्हणतात. काकांनी मीटरचा काटा पाहिला आणि त्यांनाही कळलं. मग मालकांचं आणि गाणं बसवणाऱ्याचं कशावरून तरी बिनसलं आणि रेकॉर्ड काढायचं लांबलं. सगळा उन्हाळा टेप कपाटात पडून राहिली. अखेर दोघांचा समेट झाला तोवर बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो सूर पुन्हा लागणार नव्हता.

डबी काकांनीच उघडली. टेपची सुरुवात बाहेर होती. मोकळं टोक अंगठ्याला लावायच्या औषधी पट्टीनं चिकटवलेलं होतं. काका कागदी पट्टी वापरायचे. औषधी पट्टी मेहुण्यांच्या खिशात असायची, कारण त्यांना अंगठ्याची कातडी दातांनी कुरतडायची खोड होती. मग काकांना आठवलं, एका सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना स्टुडिओ दाखवायला म्हणून दादांनी कपाटाची किल्ली नेली होती. त्यांनी पट्टी सोडवली, कापसाच्या बोळ्यांबरोबर टोपलीत टाकली आणि टेप लावली. बाईंच्या पहिल्या शब्दाआधी तोच शब्द पुसटसा येऊन गेला.

मालकांनी दोघांनाही समोर उभं केलं.

"टेप कोण ठेवतं?"

"मी," काका म्हणाले.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग हे कुणी केलं?"

काका गप्प राहिले, कारण दादा शेजारीच उभे होते. आता बोलतील, असं काकांना वाटत होतं. आपण नाव घ्यायचं आणि मग त्यांनी कबूल करायचं, यात त्यांची शोभा काय राहिली? त्यांचं त्यांनीच सांगितलेलं बरं. मालकांनी टेबलावर हात आपटला. दादा अंगठा कुरतडत होते. आता बोलतील, आता बोलतील, असं करता करता मालकांचं बोलून संपलं आणि काकांची नोकरी गेली.

संध्याकाळी मेहुणे घरी आले. बहिणीला जवळ बसवून म्हणाले, "चूक कुणाच्या हातून होत नाही? मी मालकांना परोपरीनं सांगून बघितलं. पण टेप उलटी ठेवलेली धडधडीत दिसत होती, मी तरी काय करणार?" काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तू होतास म्हणून एवढ्यावर तरी भागलं, दादा." काका दाराशी उभे होते. तेव्हाही त्यांना बोलता आलं असतं. पण काकूंना आईवडील नव्हते, जे काही माहेर होतं ते हा भाऊच. नवऱ्याच्या अंगावरचा डाग काढायचा म्हणून तिचं माहेर काढून घ्यायचं, हे त्यांच्या हातून होईना. दादा कधीतरी आपणहून सांगतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. या एका समजुतीवर त्यांनी पुढचा सगळा संसार रेटला.

रेकॉर्ड सावलीसकट बाजारात आली आणि खूप खपली. मेहुण्यांचं नाव झालं. काका एका दुकानात पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायला बसू लागले. काकूंनी शिलाई मशीन घेतलं, शाळांचे गणवेश शिवून घर चालवलं आणि त्यात डोळे अधू करून घेतले. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. बोलायच्या मात्र. काकांनी डब्याचं झाकण तिरकं लावलं, छत्री कोपऱ्यात उलटी ठेवली, औषधाची बाटली आडवी ठेवली की त्या म्हणायच्या, "सरळ ठेवा. टेप नाही ती." कधी हसून म्हणायच्या, कधी दात आवळून. घरात तो वाक्प्रचारच होऊन बसला. मुलगी बोलायला लागली तेव्हा एकदा तिनंही वडिलांना बूट नीट ठेवायला सांगितलं, "बाबा, टेप नाही ती." तिला टेप म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. काकू खळखळून हसल्या. काकांनी बूट सरळ केले.

पुढे स्टुडिओ बंद पडला. सामान भंगारात निघालं तेव्हा काकांनी जाऊन एक मशीन हातगाडीवर घालून आणलं. काकू दारातच म्हणाल्या, "ज्याच्यापायी सगळं घालवलंत तेच घरात आणा. आता बाईंनाही आणा, जागा आहे अजून." मशीन गॅलरीत गेलं. काका दर आठवड्याला त्याची चादर काढायचे, हेड पुसायचे, चाकांना तेल द्यायचे आणि परत झाकून ठेवायचे. वाजवायला त्यांच्याकडे गाण्याची टेप नव्हती, कोऱ्या टेपची दोन रिळं होती तेवढीच.

असं सगळं जुनं होऊन बसलं होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, काकूंचं शिवण सुटलं होतं आणि काकांना आता इस्त्रीचा स्क्रूही दिसत नव्हता. तेव्हा एका दुपारी मेहुण्यांचा मुलगा आला. पाठीवर पिशवी, हातात लॅपटॉप.

"आतोबा, मशीन चालतं ना अजून?"

"चालतं म्हणजे? नव्यासारखं आहे."

"नव्यासारखं?" भाच्याचा चेहरा पडला. "मी फोनवर म्हटलं होतं, हात लावू नका."

"तू येणार म्हणून हेड पुसलं फक्त. चाकंही पुसली."

भाचा ट्रंकेवर बसला. "आतोबा, तीच घाण मोजायला आलो होतो मी."

काकांना वाटलं पोरगं थट्टा करतंय. थट्टा नव्हती. आता सगळं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर होतं, तो सांगू लागला, आणि ते इतकं स्वच्छ असतं की ऐकणाऱ्याला दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. लोकांना ऊब हवी असते, जुन्या टेपची ऊब. ती घालणारं सॉफ्टवेअर तो बनवत होता.

"ऊब म्हणजे नक्की काय रे?" काकांनी विचारलं.

त्यानं लॅपटॉप फिरवून दाखवला. पडद्यावर मशीनचं चित्र होतं, खऱ्यापेक्षा चकचकीत, आणि खाली गोल बटणं. "हे फिरवलं की आवाज जरासा दबतो. हे फिरवलं की सूर डुलतो. आणि ही खरखर. हवी तेवढी घाला."

काका तिन्ही बटणांकडे बघत राहिले. तिघंही ओळखीचे होते.

"आम्ही हे काढायचो," ते म्हणाले.

"माहीत आहे, आतोबा. तुम्ही लोकांनी काढून काढून संपवलं, म्हणून तर आता विकत घ्यावं लागतं."

आतून काकूंनी आवाज दिला. "कशाला लागतोस त्यांच्या नादी? हात लावू नका म्हटलं की हात लावायचा, ही यांची जुनीच रीत. बाईंच्या गाण्याची टेप नाही का यांनी उलटी ठेवली होती?"

भाचा ट्रंकेवरून उठलाच. "ती सावली? आत्या, ती तर लोक सगळ्यात जास्त मागतात. गाण्याआधी गाण्याची चाहूल येते म्हणतात. नवीन पोरं आपल्या गाण्यात तसंच करून मागतात. चौथं बटण मी त्यासाठीच करतोय, सावलीचं." तो काकांकडे वळला. "तुम्ही केली होती ती, आतोबा? आणि कधी बोलला नाहीत?"

काकू दारात येऊन उभ्या होत्या. भाच्याच्या डोळ्यांत चक्क कौतुक होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली ते आज कुणीतरी पुरस्कारासारखं हातात द्यायला निघालं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," काका म्हणाले. "मी नाही ठेवली तशी."

काकूंनी भुवया उंचावल्या.

"मग कुणी?"

काकांनी खिशातला कापूस चिमटीत धरला. "तुझ्या बाबांना विचार. त्यांना आठवत असेल."

"त्याला कशाला ओढताय यात?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. पण त्या रात्री जेवताना त्या एकदोनदा काकांकडे बघून गेल्या.

भाचा मोजणी करून गेला. त्यानं बाबांना विचारलं तर ते, मला माहीत आहे ती गोष्ट, म्हणाले होते; आता तो त्यांना घेऊन येणार होता. जाहिरातीसाठी खऱ्या मशीनशेजारी बसवून बाबांकडून सावलीची गोष्ट सांगून घ्यायची, कॅमेऱ्यात घ्यायची, असं ठरलं होतं. मधले दिवस काका वेगळेच वागत होते. मालक कधीचे गेले होते. स्टुडिओच्या जागी गाड्या ठेवायची इमारत झाली होती. नोकरी परत मिळायची नव्हती, मिळाली तरी हात चालत नव्हते. दादांना आता खरं बोलायची काहीच किंमत पडणार नव्हती. एवढंच म्हटलं तरी पुरे होतं, "भावजी, ती टेप माझ्याकडून तशी राहिली." आणि ते म्हणतील तेव्हा काकू ऐकण्याच्या अंतरावर असायला हव्या होत्या. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीला तेल दिलं. मग दार सताड उघडं राहावं म्हणून त्याला स्टूल लावलं. खुर्च्या कुठून कुठे जातील याचाही विचार केला.

"स्टूल का मध्ये?" काकूंनी विचारलं.

"हवा येऊ दे जरा."

"एवढी वर्षं नाही आली ती?"

मेहुणे काठी टेकत आले, अत्तराचा वास घेऊन. "काय कापूस, आहे का अजून शिल्लक?" काकांनी खिशातून बोळा काढून दाखवला. भाचा हसला, कॅमेरावाला हसला. मशीन खोलीत आणलेलं होतं. मेहुण्यांना त्याच्या उजव्या बाजूला बसवलं. कॅमेरावाल्यानं पंखा बंद करायला लावला.

"आतोबा, तुम्ही मागे उभं राहून टेप ओवत राहा," भाचा म्हणाला. "फक्त हात दिसू देत. आणि आवाज नको हं अजिबात."

काका मागे उभे राहिले. स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला. काकूसुद्धा दारात येऊन थांबल्या होत्या, हातात रिकामा ट्रे.

"हं, बाबा. ती सावली कशी आली?"

मेहुण्यांनी घसा साफ केला. "ती म्हणजे असं झालं. एका सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे पाहुणे आले होते. त्यांना ऐकवावं म्हणून मी किल्ली घेतली आणि ती टेप लावली. मग परत एकदा ऐकू म्हणाले, म्हणून मी ती गुंडाळली. तेवढ्यात जेवायला उशीर होतोय म्हणून सगळे उठले. आणि मी ती तशीच..." ते थांबले. त्यांची मान जराशी मागे वळली, काकांच्या हातांकडे. "तशीच राहिली माझ्याकडून. नंतर मालक जेव्हा..."

काकांचे हात टेपवर थांबले होते.

"बाबा, थांबा. असं नको," भाचा म्हणाला. "हे विसरल्यासारखं वाटतं. तुम्ही एवढे मोठे रेकॉर्डिस्ट. टेप उलटी ठेवली की सावली पडते हे तुम्हाला माहीत असणारच ना?"

"माहीत तर होतंच."

"मग तेच सांगा. पाहुणे, जेवण नको. आतोबा, हात चालू ठेवा."

दुसऱ्यांदा मेहुणे म्हणाले की टेप उलटी ठेवल्यावर काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं आणि तरीही त्यांनी ती ठेवली. भाचा म्हणाला, छान, पण का ठेवली ते यायला हवं. मेहुण्यांनी अंगठा तोंडाशी नेला, मग कॅमेरा आठवून खाली घेतला. तिसऱ्यांदा ते सावरून बसले आणि त्यांचा आवाज आपोआप खोल गेला. "बाईंचा तो सूर ऐकला आणि मला वाटलं, हा सूर असा एकदम अंगावर यायला नको. त्याच्याआधी त्याची सावली यायला हवी. मी एकट्यानं जाऊन ती टेप उलटी गुंडाळली आणि सगळा उन्हाळा मुरू दिली. मालकांना सांगितलं नाही. टेपा सांभाळणारा आमचा माणूस होता, त्यालासुद्धा मी पत्ता लागू दिला नाही."

"एकदम मस्त," कॅमेरावाला म्हणाला.

पंखा सुरू झाला. काकू आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप देताना मेहुण्यांनी बहिणीकडे पाहिलं. "काय गं, गप्पशी?"

"काही नाही, दादा. साखर बघ पुरेशी आहे का."

निघताना ते दाराशी काकांच्या खांद्याचा आधार घेऊन चपला घालत होते. काका हळू आवाजात म्हणाले, "दादा, पहिल्यांदा सांगितलंत ते बरं होतं."

"पहिलं?" मेहुणे खरोखर विचारात पडले. "नाही हो, भावजी. त्यात काही दम नव्हता. तिसरं बघा, त्यात जीव आहे." आणि जिना उतरताना कठड्याला धरून पुन्हा म्हणाले, "खरं सांगू, आता बोलता बोलता मला सगळं आठवत गेलं."

त्यांना खाली सोडून काका वर आले तेव्हा काकू धुतलेलेच कप पुन्हा धूत होत्या.

"दादानं ठेवली होती?"

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डबी उघडली तेव्हाच."

नळ वाहत राहिला. "मला का नाही सांगितलंत?"

"तू खरं मानलं असतंस?"

काकूंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "नसतं मानलं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, दादाकडे जाऊन विचारलं असतं. काहीतरी झालं असतं." त्यांनी नळ बंद केला. "त्यापेक्षा तुम्ही मला बोलू दिलंत. रोज. पोरीसमोर, पाहुण्यांसमोर. मी बोलत राहिले आणि तुम्ही आतल्या आत मोठे होत राहिलात. मला किती वाईट करून ठेवलंत, कळतंय का तुम्हाला?"

काकांना हे अपेक्षित नव्हतं. या दिवसाची त्यांनी मनात पुष्कळदा उजळणी केली होती. त्यात काकू कधी रडायच्या, कधी त्यांचा हात धरायच्या. त्यात हे कधीच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण आपण गप्प राहिलो ते तिच्या माहेरासाठी, हे वाक्य आता त्यांनाच दादांनी तिसऱ्यांदा सांगितलेल्या गोष्टीसारखं वाटलं. आत थोडं सुखही होतं का? रोज बोलणी खाताना, मी खरा आहे आणि हिला माहीत नाही, याची एक ऊब होती का? त्यांनी तो विचार मागे सारला. पण तो पुन्हा आला.

"मी बोलू का दादाशी?" कप पालथे घालत काकूंनी विचारलं.

"नको. आता त्यांना तसंच आठवतंय."

महिन्याभरानं जाहिरात निघाली. पुष्कळ लोकांनी पाहिली. मेहुण्यांना कुठे कुठे बोलावणी आली. त्यांच्या मागे दोन म्हातारे हात टेप ओवताना दिसत होते, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं की हे हात फार सुंदर आहेत, कुणाचे आहेत? त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. भावाचा फोन आला तेव्हा काकू म्हणाल्या, "हो दादा, पाहिलं. छान झालंय."

भाचा सॉफ्टवेअर दाखवायला आला. चार बटणं होती. चौथं, सावलीचं, सगळ्यात मोठं आणि सोनेरी, त्याला बाबांचं नाव दिलेलं. "आणि तुम्हालाही विसरलो नाही, आतोबा," तो म्हणाला. कोपऱ्यात एक बारीक पांढरं बटण होतं. त्याचं नाव होतं कापूस. "हे दाबलं की चारही बंद. सगळं पुसलं जातं. आवाज एकदम कोरा."

"लोक दाबतात का ते?"

भाच्यानं जरा विचार केला. "फरक दाखवायला दाबतात. मग परत काढतात."

काका हसले. भाच्याला बरं वाटलं.

तो गेल्यावर काकांनी मशीन पुन्हा गॅलरीत नेऊन ठेवलं. हेड पुसायला बोळा काढला आणि परत खिशात घातला. मग औषधाची वेळ झाली म्हणून स्वयंपाकघरात आले. काकू भाजी निवडत बसल्या होत्या. काकांनी गोळी घेतली, पाणी प्यायलं आणि औषधाची बाटली फळीवर ठेवली. ती आडवी झाली.

काकूंचं ते नेहमीचं वाक्य त्यांना येण्याआधीच ऐकू आलं. शब्द न् शब्द, दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. त्यांची मान सवयीनं किंचित खाली गेली.

काकूंनी बाटलीकडे पाहिलं, मग हातातल्या भाजीकडे. त्या काही बोलल्या नाहीत. काका थोडा वेळ फळीपाशी उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच बाटली सरळ केली आणि बाहेर जाऊन बसले.